पुसणारी रांग

॥ १ ॥

अमरावती, अंबा दरवाजाबाहेरचा मळा
चैत्र शुद्ध पंचमी, शके १७८६

मी गाणं मागतलं होतं अन् तुमी बाहुली धाडली! गाडीवाल्याकडून तीन वेळा घोकून घेतलं होतं मी, की विहीणबाईले म्हणा, जमुना चैतात पोट्टीसंगं जे गाणं म्हणे ते सबन लिवून धाडा. बाहुलीले काय गळा हाये? चिंध्यायचं अंग अन् कोळशाचे डोळे. पारबतानं हातात घेतली, माह्याकडं पाह्यलं. मी म्हणलं, तुह्या नानीनं धाडली. तिनं उठून ती चुलीत घातली. चिंध्यायच्या धुरानं दिवसभर डोळे झोंबले माहे.

हे झालं भांडण. आता दंडवत, गोदाबाई.

हे पत्र मी माह्याच हातानं लिवून राहिली. माही आत्या महानुभाव पंथात गेली होती. लहानपणी तिनं बारा दिवस मले अक्षरं गिरवायले लावली. तेराव्या दिवशी माहं लगन झालं. तवा जे येते ते बारा दिवसाचं हाये. तुमाले जो कोणी वाचून दाखवन त्याले म्हणा, हसू नको.

जमुना जाऊन महिना व्हाले आला. तुमची लेक गेली, माही सून गेली, ते आपण दोघी भोगूच. पण पारबता सात वर्साची हाये, ती माह्या डोळ्यापुढं चाल्ली. त्या दिवसापासून बोलत नाई. खात नाई. ताक पेते, आंबील पेते, पण भाकरीचा तुकडा तोंडापाशी नेला की दात आवळते. हातपाय पऱ्हाटीच्या काड्यावानी झाले. वैदाचा काढा बी गटगट पेली, अन् त्याच्या तोंडावर दात आवळून बसली.

दिवेलागणीले मात्र उंबऱ्यावर येऊन बसते, अन् एक ओळ म्हणते:

लिंब फुलला, पळस गळला,
गवराई माही कोठी गेली?

अन् चूप. माह्या तोंडाकडं टक लावून पाहते. मले पुढचं येत नाई. मी तोंड फिरवलं की उठून जाते. हे रोजचं हाये.

आमच्या अमरावतीत हे गाणं कोणाले माहीत नाई. हे तुमच्या बाळापुराकडचं. गल्लीतल्या लेकरायले पुसाव, त लेकरं हायेत कोठी? समुद्रापल्याड गोरे आपसात लढून राहिले, तिकडला कापूस बंद झाला, म्हणून आमच्या गल्लीतली पाच वर्साची पोट्टी बी वखारीत बसून कापसातला कचरा वेचून राहिली. आमी माळी. माह्या सूर्यभानानं वांग्याचे वाफे मोडून कापूस पेरला. माळ्याच्या घरात वांगी इकत आणतो आमी, अन् ते बी किडके.

सूर्यभान गाड्या घेऊन खामगावच्या बाजाराले गेला. जाताना सांगून गेला की अखजीपर्यंत पोट्टी बोलली नाई त तिले भगताच्या ठाण्यावर नेऊन सोडतो. बाप हाये, भ्याला हाये, त्याले दुसरं सुचत नाई. ते ठाणं मी पाह्यलं हाये. माणसाले खांबाले बांधतात, मिरचीची धुरी देतात, भूत बोललं पाह्यजे म्हणतात. आमच्या गल्लीतली एक चांगली धडधाकट बाई तिथं नेली होती. भूत गेलं का नाई ते माहीत नाई, बाई गेली. पारबताच्या अंगात धुरी सोसाइतकं मांस नाई.

वैशाखातल्या अखजीच्या तिजेले अठ्ठावीस दिवस हायेत. पुढची ओळ धाडा. तेवढी एक ओळ. बाहुली नको, सांजोऱ्या नको, उसासे नको.

मनकर्णा

॥ २ ॥

बाळापूर, किल्ल्याखालची वस्ती
चैत्र शुद्ध द्वादशी

गंगाभागीरथीसमान मनकर्णाबाई यांस,

गोदाबाईंच्या सांगण्यावरून देवीदास मास्तर, शाळा बाळापूर, याचा नमस्कार. आपले पत्र पावले व बाईंस वाचून दाखविले. बाई ऐकताना फार रडल्या व बोलताना फार बोलल्या, सबब सर्व न लिहिता सारांश लिहितो.

आपण लिहिलेली ओळ बरोबर आहे. फक्त ‘कोठी’ हे अशुद्ध असून मुलीकडून ‘कोठे’ असे म्हणवून घ्यावे. पुढील ओळींविषयी मी बाईंना पुष्कळ विचारले. परंतु त्या एकदा वांग्यांच्या ओळी सांगतात, एकदा म्हशीच्या, एकदा शेजारणीच्या भांडणाच्या. एकसारखा पाठ मिळेना. असे गैरशिस्त काही लिहून पाठविणे मला रास्त वाटले नाही. मुलीस एखादे स्तोत्र शिकवावे, वाणी शुद्ध होईल, असे माझे मत आहे.

बाहुलीच्या चिंध्या जमुनाबाईंच्या लहानपणच्या परकराच्या होत्या, एवढे कळवावे असे बाई म्हणतात.

शेवटी बाईंचा एकच प्रश्न आहे व तो जसाच्या तसा लिहावा असा त्यांचा आग्रह आहे: “गाडीवाल्यानं सांगतलं, जमुना पटकीनं गेली, सकाळी होती अन् संध्याकाळी नव्हती. तिच्या तोंडात शेवटचं पाणी कोणं घातलं?”

कळावे.

॥ ३ ॥

अमरावती
चैत्र वद्य द्वितीया

विहीणबाई, तुमच्या मास्तरले आधी सांगा की माहा नवरा जिवंत हाये. मले गंगाभागीरथी म्हणून मोकळा झाला तो. नत्थुजी इथंच ओट्यावर बसून पाखरं हाकलून राहिले. कानानं ठार बहिरे हायेत, तेवढ्यावर मले रांड ठरवू नका. घरातली पोट्टी बोलत नाई हे त्यायले अजून समजलं नाई. त्यायच्या लेखी कोणीच बोलत नाई.

दुसरं. मले येते तीच ओळ त्यानं मले परत धाडली, अन् वरून शुद्ध करून! बारा दिवस वाट पाह्यली मी टपालाची. पारबताले म्हणलं, बाई, ‘कोठे’ म्हण. तिनं माह्याकडं असं पाह्यलं की मलेच लाज वाटली.

परकराचं मले माहीत नव्हतं. राख उपसून पाह्यली, काही उरलं नाई.

जात्यावरचं जे जे येते ते सबन म्हणून पाह्यलं मी. माह्या गळ्यात सूर नाई, पाटाचं दार उघडल्यावानी आवाज हाये, तरी म्हणलं. एक ओवी झाली, दोन झाल्या, पोट्टी वाट पाहत बसते, अन् मंग समजून जाते की हे ते नव्हे. उठते, पाणी पेते, निजते. काल उठताना भोवंड आली, भिंत धरून उभी राह्यली. मी हात द्याले गेली त हात झिडकारला. तोलाले काहीच नाई उरलं तिच्यात, अन् झिडकारते मात्र बैलावानी.

एक गोष्ट मले उमजत नाई. तुमचं नाव काढलं की थुंकते. बाळापूर म्हणलं की थुंकते. मी तिले पहिल्याच दिवशी समजावून सांगतलं होतं की आई तुह्या नानीकडं गेली, आंबे पिकले की येईन. लेकराले दुसरं काय सांगता? तवापासून तुमच्यावर राग. म्हणून शेजारीण म्हणते, भूत बाळापूरचंच हाये, आईच्या माहेरून संगं आलं.

सूर्यभानाचा निरोप आला. अखजीच्या आदल्या दिवशी येतो, गाडी रिकामी करून ठेवतो, पोट्टीचं अंथरूण बांधून ठेव म्हणतो. भगताले नारळ पोचला.

मी नास्तिक नाई. पण सात वर्साच्या लेकराले खांबाले बांधलेलं मी पाहू शकत नाई, अन् माह्या लेकापुढं माहं काही चालत बी नाई. माह्याजवळ फक्त हे गाणं हाये. मास्तरले म्हणा, वांग्याचं सांगतलं त वांग्याचं लिव, म्हशीचं सांगतलं त म्हशीचं. शिस्त तुह्या शाळेत ठेव.

पाणी पाजलं होतं. काळजी नका करू.

मनकर्णा

॥ ४ ॥

बाळापूर
चैत्र वद्य अष्टमी

(बाई समोर बसून आहेत. माझे काही घालू नये, काही गाळू नये, अशी शपथ घातली आहे. सबब जसे ऐकतो तसे लिहितो. मागील पत्रातील चुकीबद्दल नत्थुजींची क्षमा मागतो. देवीदास.)

मनकर्णाबाई,

मास्तरानं मागं माहं सबन बोलणं चाळणीतून गाळलं. खाली पडलं तेच कामाचं होतं. आता सांगते तसं ऐका.

त्या गाण्याले पुढची ओळ नाई. कोणाजवळच नाई. ते गाणं नव्हे, तो खेळ हाये. चैतात लिंबाखाली पोट्ट्यायच्या दोन रांगा बसतात, समोरासमोर. एक पुसणारी रांग, एक सांगणारी. मधात मातीची गवराई. सांगणाऱ्या रांगेतली एकजण ती गवराई उचलून कोठीतरी धाडते, कोणाच्या घरी, मळ्यात, विहिरीवर. मंग पुसणारी रांग म्हणते, गवराई माही कोठी गेली? अन् सांगणारीनं तिथंच ओळ जुळवून सांगायचं. त्या दिवशी जे झालं ते. खरं. वांग्यात गेली त वांग्याचं, शेजारणीच्या भांडणात गेली त भांडणाचं. जमुना चार वर्साची असताना तिनं मले भर रांगेत सांगतलं होतं:

गवराई गेली दुधाच्या शिंक्यात,
आईनं हाणली माह्या टाळक्यात.

सबन लिंब हसला होता.

खोटं सांगतलं त गवराईचा झुला तुटते म्हणतात. अन् पुसणारीले नेम हाये, बाई. उत्तर येईपर्यंत तिनं दुसरं बोलायचं नाई. खायचं नाई. पेलं त चालते, उन्हाळ्याचे दिवस असतात, लेकरायले तहान लागते, म्हणून बुढ्या बायायनं तेवढी सूट ठेवली.

समजलं का तुमाले? पोट्टीले भूत लागलं नाई. पोट्टी नेम पाळून राहिली. दीड महिना झाला, माही नात एकटी पुसणारी रांग धरून बसली, अन् तुमच्या घरात एक माणूस सांगणाऱ्या रांगेत बसाले तयार नाई.

आता दुसरं. तिले तुमी सांगतलं की तिची आई माह्याकडं हाये? माह्याकडं? म्हणजे इतके दिवस ते लेकरू समजून राहिलं की नानीनं आई दाबून ठेवली! मी परकर फाडून बाहुली शिवली, एकेका टाक्याले रडली, अन् तिनं ती जाळली त काय चुकलं तिचं? मी असती त मी बी जाळली असती. बाई, मले एक लेक होती. ती गेली. आता माह्या नातीच्या मनातूनही मले तुमी काढलं, अन् ते पत्रात असं लिवलं की जसं भाजीत मीठ घातलं.

अन् तिसरं. हे मी आठ दिवस मनात घोळवून राहिली. खेळात गवराई बाहेर गेल्याबिगर कोणी पुसत नाई. घरात असलेल्या माणसाले कोठी गेली म्हणून कोण पुसते? पटकी झालेलं माणूस घरातच पडून असते. मंग पारबतानं त्या दिवशी कोठी गेली म्हणून काहून पुसलं? माही जमुना त्या दिवशी घरी नव्हती. कोठी होती?

खेळाचा आणखी एक नेम हाये. सांगणारीच उठून गेली, परत आलीच नाई, त मंग जिनं गवराई धाडली तिनं उत्तर द्यायचं. दुसऱ्या कोणाचं चालत नाई. पुसणारी कानच देत नाई.

जमुनेले त्या दिवशी कोणं धाडलं, मनकर्णाबाई?

गोदा

॥ ५ ॥

अमरावती
चैत्र वद्य त्रयोदशी

तुमचं पत्र काल आलं. वाचाले मले बराच वेळ लागला, बारा दिवसाच्या अक्षरायनं. अर्ध्यातच समजलं की तुमी कोठी येऊन पोचल्या.

मी धाडलं.

तीन दिवस ताप होता तिले. पटकी नव्हती. शिमग्याच्या आधीचे दिवस, वखारीत कापसाचे डोंगर, माणूस मिळून नाई राहिलं. छतातून मोठं पोतं टांगतात, बोंद्रा म्हणतात त्याले, बाईमाणूस आत उतरून कापूस पायानं तुडवते, वरून टाकत जातात, ती तुडवत तुडवत वर येते. आत वारा नाई. सकाळी जमुना म्हणाली, आत्याबाई, आज नाई जात, डोकं फुटून राहिलं. मी म्हणलं, आमी ताप पदरात बांधून खुरपली शेतं. मी म्हणलं, सबन गल्ली चाल्ली, तूच काहून नाजूक? अशी हाये माही जीभ. तुमाले माहीत हाये, लगनातच तुमी ऐकली.

ती उठली. दारात पारबतानं पदर धरला अन् ती ओळ म्हणली, कोठी गेली म्हणून. जमुना हसली. म्हणाली, आता नाई सुचत बाई, संध्याकाळी आल्यावर सांगते. मी आतून वरडली, गाणं नंतर, गाडी चाल्ली. हे शेवटचं.

दोपारी तिले बोंद्र्यातून वर काढली तवा अंग चुलीवानी तापलेलं, अन् शुद्ध नाई. आणता आणता गाडीतच गेली. तुमी पुसलं पाणी कोणं घातलं. कोणीच नाई. गाडीवान होता, अन् कापूस होता. मी मागच्या दारानं आत घेतली, पारबताले शेजारी धाडून दिलं. सूर्यभान खामगावच्या रस्त्यावर होता. त्याले निरोप धाडला, पटकी. तुमाले निरोप धाडला, पटकी. पोट्टीले सांगतलं, बाळापूर. तीन ठिकाणी तीन खोटं बोलली असती त निदान हुशारी झाली असती. दोनच जमले.

रडत नाई मी. मले येत नाई. पण तेव्हापासून कापसाच्या बोंडाले हात लावत नाई.

आता सांगा, मी त्या सांगणाऱ्या रांगेत कोणत्या तोंडानं बसू? पोट्टी पुसन, गवराई कोठी गेली, अन् मी म्हणू, आजीनं मारली? सात वर्साच्या लेकराले हे सांगणं बरं, का भगताची धुरी बरी? मले खरंच समजत नाई. मी आयुष्यात कोणाले सल्ला पुसला नाई, तुमाले पुसून राहिली. तुमी शिव्या द्या, सराप द्या, मी वाचीन. पण शेवटी एक ओळ लिवा की काय करू. अखजीच्या दिवशी जमुनेच्या नावानं पहिली घागर भरावी लागन. पोट्टी पाहीन. घागर मेलेल्याच्याच नावानं भरतात, हे सात वर्साच्या लेकराले बी समजते.

पाच दिवस उरले.

मनकर्णा

॥ ६ ॥

बाळापूर
चैत्र अमावास्या

मनकर्णाबाई यांस, देवीदास मास्तराकडून.

आपले पत्र टपालवाल्याने धावपळ करून दोन दिवसांत पोहोचविले. मी बाईंना वाचून दाखविले. हे पत्र वाचताना माझ्याने सारांश करवला नाही.

मी कागद घेऊन बसलो. बाईंनी उठून म्हशीला पाणी दाखविले, परत आल्या, परत बसल्या. मग दाराकडे पाहत इतकेच म्हणाल्या, ते लिहितो: “हे तिनं मले काहून सांगतलं? मी पुसलं होतं, पण मी दुसरी. पहिली उंबऱ्यावर बसली हाये.”

पुढे काही सांगा असे मी विनविले. त्या म्हणाल्या, “ओळ दोन तुकड्यायची असते. शेवट जुळला पाह्यजे. एवढंच तिले येत नसन त लिव.”

हे पत्र घेऊन माझा भाऊ उद्या अकोल्याच्या वाटेने अमरावतीस निघतो आहे. टपालावर विसंबत नाही.

॥ ७ ॥

अमरावती
वैशाख शुद्ध सप्तमी

मास्तरच्या भावानं तिजेच्या सकाळीच पत्र आणून दिलं. तो जेवून गेला. भला माणूस हाये, पण खातो फार.

गोदाबाई, झालं ते सांगते. मधात मले सराप द्यायचा असन त शेवटपर्यंत थांबा.

सूर्यभान आदल्या दिवशी आला होता. अखजीच्या सकाळी गाडीत कडबा घातला, बैल जुंपले, पोट्टीचं अंथरूण ठेवलं. मी म्हणलं, घागर भरून होऊ दे, मंग ने. त्याले नाई म्हणता आलं नाई, बायकोची पहिली घागर. मी नवी घागर आणली, पाणी भरलं, वाळा घातला, वर खरबूज ठेवलं. चिचवणी केली, कुरड्या तळल्या. ओट्यावर घागर मांडली अन् पारबताले हाक मारली.

आली. भिंत धरून आली. घागरीकडं पाह्यलं, गाडीकडं पाह्यलं, बापाकडं पाह्यलं. दिवेलागणीची वाट न पाहता तिथंच उंबऱ्यावर बसली. अन् पुसलं. आवाज इतका बारीक झाला होता की आधी मले वाटलं दार वाजलं.

मी तिच्यासमोर मांडी घालून बसली. पोट्टीनं पाय सरळ केले, पदर नसताना खांद्यावरून हात फिरवला, जसं रांगेत नीट बसतात तसं. तिले समजलं होतं की ह्या वेळेले कोणीतरी बसलं. मी म्हणलं:

गवराई गेली कापूस भराले,
तापात होती, आली नाई घराले.
आजीनं धाडली, आजी खोटी बोलली,
गवराईच्याच नावानं घागर भरली.

जुळलं का नाई तुमी ठरवा. सूर नव्हता.

ती रडली नाई. घागरीत वाकून पाह्यलं. मंग पुन्हा सरळ बसली अन् दुसरा सवाल केला, तुमी मले सांगतला नव्हता तो:

लिंब फुलला, पळस गळला,
गवराई माही येईन कधी?

ह्याले मले ओळ जुळवता आली नाई, विहीणबाई. मी साधंच म्हणलं, येत नाई बाई.

तवा ती उठली अन् माहा हात धरून चावली. कडकडून. मी हात काढला नाई. वण अजून हाये, सबन दात शाबूत हायेत पोट्टीचे, एवढं त्यावरून समजलं. चावता चावताच तिच्या घशातून जे निघालं, ते ऐकून बैल जुवासकट मागं सरकले. नत्थुजी, ज्यायले तोफ ऐकू येत नाई, ते पाखरं हाकलायचं सोडून उठून आले अन् पुसलं, कोण रडून राहिलं? पोट्टी त्यायच्या अंगावर पडली. दोपारपर्यंत तशीच होती. मंग म्हणाली, आजा, भूक लागली. आज्याले ऐकू नाई आलं. तिनं पुन्हा मोठ्यानं म्हणलं.

चिचवणी खाल्ली, अर्धी कुरडी खाल्ली. सबन ओकली. पुन्हा खाल्ली.

तुमाले वाटन, सुटलो. नाई सुटलो.

सूर्यभान गाडीच्या चाकाले पाठ लावून उभा होता. त्यानं बैल सोडले. भगताकडं जात नाई, हे मले त्यावरून समजलं. मंग ओट्याशी येऊन म्हणला, आई, तू मले बी पटकी सांगतली होती. तेवढंच. तवापासून तो माह्याशी बोलत नाई. माह्या हातचं ताट घेत नाई, पोट्टीनं वाढलं त जेवते. काल मी त्याले पुसलं, बैलायले ढेप देऊ का? तो उठून गेला. एक तोंड उघडलं अन् दुसरं मिटलं. त्याचा कोणता खेळ हाये अन् कोणता नेम, हे मले कोणी सांगत नाई. मी धाडली, मी सांगतलं, आता आणखी काय सांगू? रोज त्याच्यासमोर जाऊन बसते. पुसत बी नाई तो.

तुमच्याकडून मले काही मागायचं नाई. माफ करा असं मी म्हणणार नाई, मले म्हणता येत नाई, अन् तुमी बी करू नका. पण एक काम हाये.

पारबताले मी कालपासून माहे बारा दिवस शिकवून राहिली. ‘ग’ येते, ‘न’ येते, बाकीच्याले मी तिच्या हातावर हात ठेवला. आज सकाळी म्हणाली, नानीकडं आई नव्हतीच त मंग नानी इतके दिवस काहून नाई आली? मी म्हणलं, मले काय माहीत. म्हणाली, मंग नानीलेच पुसू. खालची ओळ तिची हाये. अक्षर वाकडं हाये, मास्तरानं शुद्ध करू नये.

लिंब झडला, आंबा पिकला,
नानी माही कोठी राहिली?

लिवून झाल्यावर तिनं ताटातली भाकर बाजूले सारली. मी म्हणलं, अवदसे, हे काय? बोलत नाई. मी म्हणलं, टपालाले जायले सहा दिवस, यायले सहा दिवस. तिनं ताकाचा गडवा पुढं ओढला अन् उंबऱ्यावर जाऊन बसली, बाळापुराच्या वाटेकडं तोंड करून.

तिच्यात बारा दिवस नाईत.

ह्याचं उत्तर मास्तरानं द्यायचं नाई. त्याच्या भावानं नाई. मी एक शब्द जुळवणार नाई, जुळवला त ती कान देणार नाई. कागदावर धाडू बी नका. गोदाबाई, हा सवाल तुमाले हाये. तुमी या, समोर मांडी घालून बसा, अन् खरं काय ते तुमीच सांगा.

मनकर्णा